पक्षाघातानंतरचा राग आणि खिन्नता

पेण व रोहा तालुक्यांतून आमच्याकडे येणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांचे नातेवाईक प्रथम हातापायांविषयी विचारतात. काही आठवड्यांनी मात्र दुसरीच तक्रार दबक्या आवाजात कानी येते. शांत स्वभावाचे गृहस्थ ताट भिरकावतात, पत्नीवर हात उगारतात किंवा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. घरच्यांना तो हट्ट, आळस वा कृतघ्नपणा वाटतो. वस्तुतः तो बहुधा आजाराचाच भाग असतो.

रागाला आवर घालण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या पुढील भागाकडे असते. तेथील रक्तपुरवठा खंडित झाल्यास तो आवर सैल पडतो. वाचा गेलेल्या रुग्णाला पुष्कळदा समोरच्याचे बोलणे समजते, पण शब्द सापडत नाहीत. त्यातून चिडचिड होते. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, तसेच फिट्ससाठी दिले जाणारे लेव्हेटिरासिटाम हे औषध यांमुळेही राग वाढू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना कळवावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना केव्हा ना केव्हा खिन्नता ग्रासते. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीचे डोळे आखणारा हात लुळा पडला किंवा धाटावच्या कारखान्यातील पाळी सुटली, तर कमाईबरोबर आपला मानही गेला असे माणसाला वाटते. भूक व झोप जाते, व्यायाम सुटतो. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होत असते आणि नेमका तोच काळ वाया जातो.

यावर समुपदेशन व औषधे उपलब्ध आहेत. मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,१२७ रुग्णांवरील ब्रिटनमधील अभ्यासात फ्लुओक्सेटिन सरसकट दिल्याने हातापायांची सुधारणा वाढली नाही, उलट अस्थिभंग वाढले. म्हणून औषध तपासणीनंतरच द्यावयाचे असते.

घरी एका वेळी एकानेच, छोट्या वाक्यांत बोलावे. राग चढल्यास वाद न घालता थोडे दूर व्हावे. कोयता, विळी हाताशी ठेवू नये. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही आळीपाळीने विश्रांती मिळावी. रुग्ण ‘आता जगून काय करू’ असे म्हणू लागल्यास त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे आणावे. शासनाची २०२२ पासूनची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य असून मराठीतही उपलब्ध आहे.

फेरतपासणीस येताना रुग्णाच्या हातापायांइतकेच त्याच्या मनाविषयीही निःसंकोच सांगावे, अशी आमची सर्व कुटुंबीयांस विनंती आहे. सांगितले तरच उपचार वेळेवर सुरू करता येतात.