कर्करोग जनुकशास्त्रातील क्लिनिकल सायंटिस्ट

कर्करोगाच्या पेशींमधील जनुकीय बदल तपासून त्यांचा निदानाशी व उपचारांशी असलेला संबंध अहवालात मांडणाऱ्या शास्त्रज्ञास युनायटेड किंग्डममध्ये ‘क्लिनिकल सायंटिस्ट’ म्हणतात. ही व्यक्ती सहसा डॉक्टर नसते आणि रुग्णाशी तिची भेटही क्वचितच होते. तरीही रुग्णाला कोणते औषध द्यावे, हे अनेकदा तिच्या अहवालावर ठरते. हे पदनाम तेथे कायद्याने संरक्षित असून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय ते वापरता येत नाही. इंग्लंडमध्ये नोंदणीचा रूढ मार्ग म्हणजे तीन वर्षांचा सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्राम. त्यात पगारी नोकरी आणि पदव्युत्तर शिक्षण बरोबरीने चालते.

पार्श्वभूमी

१९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात विलक्षण आखूड गुणसूत्र आढळले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे ते तयार होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या बदलातून निर्माण होणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

कामाचे स्वरूप

यंत्र डीएनएचा क्रम वाचते. खरे कठीण काम त्यानंतर सुरू होते. गाठीचा तुकडा बहुधा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला असतो. फॉर्मॅलिनमुळे डीएनए तुटतो, शिवाय सायटोसिनच्या जागी थायमिन वाचले जाऊन मुळात नसलेला बदल दिसू शकतो. उलट, नमुन्यात कर्कपेशी फार थोड्या असतील तर असलेला बदलही निसटतो. अशा वेळी ‘बदल आढळला नाही’ असे लिहिणे दिशाभूल करणारे ठरते. ‘नमुना अपुरा’ असे स्पष्ट नोंदवून नवा नमुना मागवावा लागतो. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातील बदल असा निसटला, तर रुग्ण त्यावरील नेमक्या गोळ्यांना मुकतो.

आढळलेला प्रत्येक बदल रोगकारक नसतो. काहींचा अर्थ उपलब्ध पुराव्यावरून लागत नाही. त्यांना ‘अनिश्चित अर्थाचे’ म्हणून नोंदवतात. हा शेरा रुग्णास असमाधानकारक वाटला, तरी प्रामाणिक असतो. पुढे पुरावा वाढल्यास वर्गीकरण बदलू शकते.

गाठीतील बदल बहुधा त्या गाठीपुरतेच असतात. मात्र बीआरसीए१सारख्या जनुकातील बदल जन्मजात असू शकतो. तशी शक्यता दिसल्यास रक्ताची स्वतंत्र तपासणी सुचवली जाते, कारण मग प्रश्न एका रुग्णाचा न राहता त्याच्या भावंडांचा व मुलांचाही होतो.