तीस पौंड हवा म्हणजे किती?

मुलांनो, पंक्चरच्या दुकानात मोटारवाले काका सांगतात, "चारी चाकांत तीस पौंड हवा मार." दवाखान्यात डॉक्टर आजोबांना म्हणतात, "एकशेवीस-ऐंशी! बीपी छान आहे." वादळाच्या बातमीत हेक्टोपास्कल येतो, तर अकरावीतल्या ताईच्या रसायनशास्त्राच्या वहीत अ‍ॅटमॉस्फिअर. ही सगळी मापं दाबाचीच बरं का! ज्वारी पायलीनं मोजा नाहीतर किलोनं, ढीग तेवढाच राहतो.

१६४३ साली इटलीत टोरिसेलीच्या प्रयोगात एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्यानं भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला. का थांबला? भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा दाब देत होती, तिनं तो तोलून धरला. म्हणून समुद्रसपाटीवरचा प्रमाण दाब ७६० मिलिमीटर पारा. हाच एक अ‍ॅटमॉस्फिअर, हेच १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि पंक्चरवाल्याच्या भाषेत १४.७ पौंड, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढा भार.

१६४८ साली फ्रान्समध्ये पास्कलच्या मेहुण्यानं अशी नळी प्वी द दोम नावाच्या डोंगरावर नेली. पारा आठ सेंटिमीटरहून जास्त उतरला! वर चढलं की डोक्यावरची हवा कमी होते ना!

आपलं कळसूबाई तर त्याहून उंच, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून शिड्या चढत माथ्यावर गेलात, की तिथं दाब साधारण ०.८२ अ‍ॅटमॉस्फिअर असतो. ७६० नं गुणा : सुमारे ६२३ मिलिमीटर पारा. १०१३ नं गुणा : सुमारे ८३१ हेक्टोपास्कल. १४.७ नं गुणा : सुमारे १२ पौंड. उलट जायचं असेल तर भागा. म्हणून तर वर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यातला भात शिजायला वेळ लावतो.

आता एक गंमत. बाहेरच्या हवेचा दाब ७६० आणि आजोबांच्या रक्ताचा फक्त १२०? मग हवेनं त्यांच्या रक्तवाहिन्या चेपून कशा टाकल्या नाहीत? कारण डॉक्टरांचं यंत्र बाहेरच्या हवेपेक्षा 'जास्त' असलेला दाबच दाखवतं. समुद्रकाठी खरा दाब ७६० अधिक १२०, म्हणजे ८८०. पंक्चरवाल्याचा काटाही तसाच. चाक बसलं की काटा शून्यावर येतो, पण चाकात हवा असतेच, बाहेरच्या इतक्याच दाबाची. म्हणजे तीस पौंडांच्या चाकात खरा दाब ४४.७ पौंड, सुमारे तीन अ‍ॅटमॉस्फिअर!

वायूंच्या नियमांची गणितं करताना हा खराच दाब घ्यावा लागतो. नुसतं ३० भागिले १४.७ केलं, तर उत्तर दोन येईल आणि ताईचे गुण जातील. गुणाकार बिनचूक असूनही! काट्यावरचा आकडा दिला असेल, तर आधी बाहेरच्या हवेचा दाब मिळवा, मग माप बदला.

आता तुमची पाळी. एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब साधारण एक-तृतीयांश अ‍ॅटमॉस्फिअर असतो. टोरिसेलीची नळी तिथं नेली, तर पारा किती मिलिमीटरवर थांबेल?