बोडक्या डोंगरावरचा कांडोळ

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांपायी किती झाडं जाणार आणि बदल्यात किती लावणार, यावर गेले कित्येक महिने वाद चालू आहे. कुठली लावणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. एप्रिलात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूला गेलं की उघडे डोंगर दिसतात आणि ‘जंगल वाळलं, इथेच लावा की झाडं’ असं कुणीतरी म्हणतंच. हे जंगल वाळलेलं नाही. पानं टाकून ते पाणी वाचवतंय.

उपनगरांत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खडकावर मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी उतारावरून निघून जातं. कान्हेरीच्या भिक्खूंनी म्हणूनच लेण्यालेण्याला पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, खोदली. झाडांनाही तीच अडचण आहे. पानांतून पाणी उडतं, म्हणून साग, सावर, पांगारा पानंच उतरवून टाकतात.

माझा जीव जडलाय तो कांडोळावर. पांढरंफटक खोड, रात्री उजेडात दचकायला लावणारं, म्हणून काही ठिकाणी याला भुत्या म्हणतात. मुळं थेट कातळाच्या फटीत शिरलेली. वरची साल कागदासारखी सुटते. तिचा पापुद्रा अलगद उचलला की खाली हिरवा थर दिसतो. त्यात हरितद्रव्य असतं, म्हणजे पान नसतानाही खोड थोडंफार अन्न तयार करतं. पांढऱ्या सालीवरून ऊन परतून जातं. फुलं-फळंही निष्पर्ण असतानाच येतात.

सावरीचंही वेळापत्रक पाहण्यासारखं आहे. फाल्गुनाच्या आसपास लाल फुलं. आड यायला पानं नसल्यामुळे ती पक्ष्यांना लांबूनही दिसतात. खाली पडली की चितळं खातात. बोंडं उन्हाळ्यात फुटतात, कापूस बी घेऊन उडतो आणि बी रुजायला पाऊस फार लांब नसतो. कुसुम तर भर उन्हाळ्यात तांबडी पालवी काढतो. प्राण्यांचंही तसंच: खेकडे बिळात ओल धरून राहतात, काही बेडूक जमिनीत गाडून घेतात; पहिल्या सरी आल्या की बाहेर.

अशा उतारावर खड्डे घेऊन बाराही महिने हिरवी दिसणारी शोभेची रोपं लावणं मला पटत नाही. त्यांना टँकरने पाणी घालावं लागेल, आणि तिथलं गवत, कारवी, निवडुंग उखडलं जाईल ते वेगळंच. भरपाई करायचीच असेल तर ऐन, कुसुम, सावर, कांडोळ यांची रोपं याच डोंगरांतल्या बियांपासून व्हायला हवीत. कांडोळाची फळं उन्हाळ्यातच पिकतात. पाच पाकळ्यांच्या चांदणीसारख्या त्या लाल फळांवर टोचरी लव असते. गोळा करताना हातमोजे घालावेत.