आंतरराष्ट्रीय विनिमय अनुदाने आणि महाविद्यालयीन प्राध्यापक : फुलब्राइट योजनेच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : शैक्षणिक विनिमय, फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती, महाविद्यालयीन अध्यापक, अध्ययन रजा, संस्थात्मक उत्तरदायित्व

प्रस्तावना

महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकास परदेशी विद्यापीठात अध्यापन वा संशोधन करण्यासाठी अनुदान मिळाले की त्याचा सत्कार होतो, वार्षिकांकात छायाचित्र प्रसिद्ध होते आणि बहुधा तेथेच तो विषय संपतो. वास्तविक ‘विनिमय’ या शब्दातच देवघेव अभिप्रेत आहे. असे अनुदान हे व्यक्तीच्या गुणवत्तेचे पारितोषिक असण्यापेक्षा दोन शिक्षणसंस्थांमधील व्यवहार अधिक असते. या व्यवहारात पाठवणाऱ्या महाविद्यालयाची भूमिका कोणती असावी, याचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो. प्रस्तुत लेखात फुलब्राइट योजनेचा उगम, तिची कार्यपद्धती आणि महाराष्ट्राशी संबंधित काही उदाहरणे यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

योजनेचा उगम व विकास

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनंतर अमेरिकेचे बरेच युद्धसाहित्य परदेशांत पडून होते. ते विकत घेणाऱ्या युद्धजर्जर देशांजवळ डॉलर नव्हते. किंमत स्थानिक चलनातच मिळणार होती. हे चलन अमेरिकेत नेऊन उपयोग नव्हता. तेव्हा त्याचा विनियोग शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी करावा, असे विधेयक आर्कान्सा राज्याचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी १९४५ मध्ये मांडले. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या स्वाक्षरीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले. फुलब्राइट हे स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड येथे शिकलेले आणि काही काळ आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने या योजनेला अधिक व्यापक अधिष्ठान प्राप्त झाले.

भारताशी या संदर्भातील करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. त्यावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. त्यानुसार नवी दिल्ली येथे द्विराष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले. प्रारंभीची अनेक दशके आर्थिक भार मुख्यत्वे अमेरिकेकडे होता. ४ जुलै २००८ रोजी झालेल्या नव्या कराराने भारत समान आर्थिक भागीदार झाला आणि अधिछात्रवृत्त्यांना ‘फुलब्राइट-नेहरू’ असे संयुक्त नाव मिळाले. हा बदल केवळ नावापुरता नाही. निम्मा भार भारतीय सार्वजनिक निधीवर येत असेल, तर त्याचे फलित भारतीय वर्गखोल्यांपर्यंत पोहोचते किंवा नाही, हे विचारण्याचा अधिकारही ओघाने येतो.

कार्यपद्धती

भारतीय प्राध्यापकांच्या दृष्टीने या योजनेतील महत्त्वाचा प्रकार म्हणजे शैक्षणिक व व्यावसायिक उत्कृष्टता अधिछात्रवृत्ती होय. तिच्या अंतर्गत अमेरिकेतील यजमान संस्थेत अध्यापन, संशोधन अथवा दोहोंचा मेळ घालणारे कार्य चार ते नऊ महिन्यांपर्यंत करता येते. सेवेत असलेल्या उमेदवारास आपल्या संस्थेचे संमतिपत्र जोडावे लागते व निवड झाल्यास रजा दिली जाईल, असे संस्थेला त्यात नमूद करावे लागते. अधिछात्र जे-१ व्हिसावर जातात. शासकीय निधीतून जाणाऱ्यांना परतल्यावर एकूण दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेत एच-१बी व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. थोडक्यात, जाण्यासाठी संस्थेची संमती आणि नंतर परतीची अट, या दोन खांबांवर ही रचना उभी आहे. मात्र परतल्यानंतर काय व्हावे, यासंबंधी नियम मौन बाळगतात. ती जबाबदारी मूळ महाविद्यालयाचीच ठरते.

तीन उदाहरणे

या संदर्भात इतिहासातील तीन उदाहरणे बोलकी आहेत. पहिले ए. के. रामानुजन यांचे. १९५० च्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयासह काही महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापन करीत होते. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये फुलब्राइट योजनेतून ते इंडियाना विद्यापीठात गेले. १९६३ मध्ये त्यांना तेथून पीएच.डी. मिळाली. त्यांचे उर्वरित अध्यापकीय जीवन मुख्यतः शिकागो विद्यापीठात गेले. कन्नड व तमिळ वाङ्मय त्यांनी जगासमोर ठेवले, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या प्रकारच्या महाविद्यालयांतून ते गेले, तेथील विद्यार्थ्यांना त्यांचा सहवास पुन्हा लाभला नाही.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट १९६० च्या दशकात फुलब्राइट योजनेतून इंग्रजी शिकवण्यासाठी भारतात आल्या. पुढे बर्कले येथे त्यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी.चे संशोधन केले. त्यावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासात तो आजही आधारभूत मानला जातो. सांगली जिल्ह्यातील कासेगाव ही त्यांनी कर्मभूमी मानली व २०२१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. अल्प मुदतीच्या अध्यापनाची परिणती एखाद्या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाच्या लेखनात कशी होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

तिसरे उदाहरण व्यक्तीचे नसून संस्थेचे आहे. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली भाषाविज्ञानाचा प्रकल्प राबवण्यात आला. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ येथे शिकवण्यास आले, भारतीय तरुण अध्यापकांसाठी उन्हाळी वर्ग भरले आणि काही अभ्यासक अमेरिकेत गेले. येथे व्यक्तीच्या ये-जा करण्याला संस्थेच्या योजनेची जोड होती. त्यामुळे कोण गेले, कोण परतले यावर सारे अवलंबून राहिले नाही. आधुनिक भाषाविज्ञान हा विषयच भारतात रुजण्यास मदत झाली. पहिल्या दोन उदाहरणांतील फलित व्यक्तीच्या निवडीवर ठरले, तर तिसऱ्यातील फलित संस्थेच्या पूर्वतयारीवर, हा भेद महत्त्वाचा आहे.

महाविद्यालयीन वास्तव

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत अध्ययन रजा व अभ्यासार्थ दीर्घ रजा यांची तरतूद आहे. दुसऱ्या प्रकारची रजा सात वर्षांच्या विहित सेवेनंतर एका वेळी एक वर्षापर्यंत आणि संपूर्ण सेवाकाळात दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणजे नियमांचा अडसर तितकासा नाही. अडचण आहे ती विभागाच्या मनुष्यबळाची. ज्या विभागात एक-दोनच पूर्णवेळ अध्यापक आहेत, तेथे एकाच्या जाण्याने सत्राचे अध्यापन विस्कळीत होते. मग ते काम तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे सोपवले जाते. ज्याच्या बळावर वरिष्ठ सहकारी परदेशी जातो, त्या अध्यापकास मात्र अशा रजेचा व पर्यायाने संस्थेच्या संमतिपत्राचा लाभ सहसा मिळत नाही. विनिमयाची ही किंमत कोणत्याही अहवालात नोंदवली जात नाही.

याखेरीज निवडीच्या स्वायत्ततेचा प्रश्नही आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. निवड झालेल्या अनेकांची अनुदाने प्रशासनाने राजकीय कारणांनी नाकारली, असा त्यांचा आक्षेप होता. गुणवत्तेवर आधारित निवड हाच ज्या योजनेचा प्राण, तिच्याबाबतीत हा आक्षेप गंभीर आहे. एकाच देशाच्या एकाच योजनेवर विसंबून राहणे संस्थांच्या हिताचे नाही, हेही यावरून स्पष्ट होते.

उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१) प्राध्यापकाने अर्ज करण्यापूर्वीच संशोधनाचा विषय व परतीनंतरचे कार्य यांची चर्चा विभागात व्हावी.

२) रजेच्या काळात बदली अध्यापक पूर्ण सत्रासाठी व योग्य वेतनावर नेमावा.

३) परतल्यावर एका वर्षाच्या आत किमान एक अभ्यासघटक अथवा कार्यशाळा तयार करण्याचे उत्तरदायित्व निश्चित करावे. जमवलेले साहित्य ग्रंथालयात ठेवावे आणि त्या विषयावर मराठीतून लेखन व्हावे.

४) भारतात येणाऱ्या परदेशी प्राध्यापकांना जिल्हा व तालुका पातळीवरील महाविद्यालयांत काही दिवस अध्यापनासाठी निमंत्रित करावे.

समारोप

नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात विनिमय व सहकार्य यांची नोंद करावी लागते. या नोंदीसाठी एक नाव पुरते. पण विद्यार्थ्याला नाव नव्हे, नवा विचार हवा असतो. युद्धातील टाकाऊ सामग्रीच्या विक्रीतून ज्ञानाची देवाणघेवाण उभी राहू शकली, ती त्यामागे निश्चित योजना होती म्हणून. परदेशातून परतलेल्या प्राध्यापकाच्या अनुभवालाही अशीच योजना लाभली पाहिजे. ती नसेल तर विनिमय एकेरी राहतो आणि त्याची किंमत मागच्या बाकावरील विद्यार्थी व तासिका तत्त्वावरील अध्यापक हेच मोजत राहतात.