निरभ्र दुपारचा ओझोन

‘ओझोन म्हणजे चांगला वायू’ हे शाळेत शिकलेले वाक्य १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर खरे आहे. तिथे तो अतिनील किरण अडवतो. जमिनीलगत तोच वायू श्वासनलिकेचा दाह करतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढवतो. गहू आणि सोयाबीनचे उत्पादनही त्याने घटते.

तो गाड्यांच्या धुरातून थेट बाहेर पडतो, हा दुसरा गैरसमज. ओझोन कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात, त्यातून तो हवेतच तयार होतो. त्यामुळे आकाश स्वच्छ दिसणे ही हवा स्वच्छ असल्याची खूण नव्हे. कडक उन्हाची, वारा पडलेली दुपार त्याला सर्वांत मानवते.

मग गर्दीच्या चौकात तो सर्वाधिक असेल? बहुधा उलटेच घडते. ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. वारा ही हवा उपनगरांकडे आणि शेतांकडे नेतो तसा तिथे ओझोन वाढत जातो. मोजणी केंद्रे फक्त भर शहरात उभारली, तर हा भाग नोंदीतून सुटतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, तरी भारतातल्या काही शहरांत ओझोन वाढला, त्यामागेही ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटणे हे एक कारण होते.

सर्वांत घातक गैरसमज सरासरीचा. रात्री ओझोन बराच उतरतो. त्यामुळे चोवीस तासांची सरासरी काढली की दुपारचा उच्चांक त्यात बुडतो. म्हणूनच भारताच्या २००९ च्या मानकांत त्याच्यासाठी दोनच मर्यादा आहेत: आठ तासांच्या सरासरीला १०० आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. वर्षातल्या ९८ टक्के वेळी त्या पाळल्या गेल्या पाहिजेत. उरलेल्या २ टक्क्यांत त्या ओलांडल्या तरी सलग दोन दिवस तसे होता कामा नये. अहवालात ओझोनपुढे दिवसाचा एकच सरासरी आकडा दिसला, तर मानक पाळले गेले की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही. हवा गुणवत्ता निर्देशांकही सर्वांत वाईट घटकाचाच आकडा दाखवतो. आपल्याकडे तो मान बहुतेकदा धूलिकणांना मिळतो आणि ओझोन मागे झाकला जातो. त्याची तासागणिक नोंद वेगळी उघडून पाहावी लागते.

आणि मास्क? एन-९५ धूलिकण अडवतो, पण हा वायू त्यातून आरपार जातो. उन्हाळ्यात मुलांचा खेळ आणि दमेकऱ्यांचे फिरणे सकाळी लवकर ठेवावे.