स्टेंट पुन्हा अरुंद होणार का, रक्त सांगेल?

मालवण पट्ट्यातला हृदयरुग्ण बऱ्याचदा गोव्यात, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेला जातो. स्टेंट बसतो, माणूस घरी येतो. मग घरच्यांचा प्रश्न असतो, ‘परत ब्लॉक होणार नाही ना?’

स्टेंट फुगवून बसवताना रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. ती भरून येताना भिंतीतल्या स्नायुपेशी गरजेपेक्षा जास्त वाढल्या, की वाट पुन्हा अरुंद होते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत घडायचं, तेही बहुधा पहिल्या काही महिन्यांत. २००३च्या सुमारास औषध पाझरणारे स्टेंट रुळू लागले आणि हे प्रमाण बरंच उतरलं. शून्य मात्र झालं नाही.

स्नायुपेशींची ही वाढ आधीच ओळखण्याच्या खुणा संशोधक रक्तात शोधताहेत: दाह दाखवणारं सीआरपी, आनुवंशिक लायपोप्रोटीन-ए, पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणारे मायक्रोआरएनए. सीआरपीची तपासणी सगळ्यात सोपी, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप आला तरी सीआरपी चढतं. दाह नेमका कुठे आहे, ते त्यातून कळत नाही. अशा एकट्या चाचणीवर डॉक्टर आज निर्णय घेत नाहीत.

मधुमेह मात्र धोका नक्की वाढवतो. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी स्टेंटवाल्या मधुमेहींनी अजिबात चुकवू नये. आणि घाटी चढताना छातीत पुन्हा दडपण आलं, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठावा.