पाण्याचा ताळेबंद आणि बक्षीस



वार्षिक सभेत एकरी उच्चांकी ऊस काढणाऱ्या सभासदांचा आपण फेटा-नारळ देऊन सत्कार करतो. किती टन निघाला तो आकडा पुकारला जातो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या उसाने पाणी किती प्याले, हे कुणी विचारीत नाही. आम्हीही आजवर विचारले नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाला मात्र देशपातळीवरचे बक्षीस मिळाले ते पाण्याच्या कामाबद्दल, आणि त्या गावाने ऊस वर्ज्य केलेला आहे. साखर कारखान्याच्या अंकात हे छापावे काय, यावर आमच्यात थोडी खडाजंगी झाली. शेवटी छापावे असेच ठरले.

गाव नगर तालुक्यातले हिवरे बाजार. नावात बाजार, पण एके काळी तिथून विकायला जायची ती माणसांची मजुरी. एकेकाळचे हे पहिलवानांचे गाव. डोंगर उघडे पडले, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवू लागल्या, दारूच्या भट्ट्या लागल्या आणि बरीच घरे कुलूप लावून मुंबई-पुण्याला गेली. सरकारी नोकराची तिथे बदली झाली की ती शिक्षाच समजत.

१९८९ साली गावाने पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला सरपंच केले. पुढे १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. रोजगार हमीचा पैसा आणि गावाचे श्रमदान यांतून डोंगरावर सलग समतल चर खोदले, नाले अडवले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. चर तर पुष्कळ गावांनी खोदले; आपल्याकडेही कागदावर कमी नाहीत. फरक पडला तो पुढच्या गोष्टीने.

हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. आपल्या कारखान्याचा नफा-तोटा पत्रक मांडतात तसाच. पावसाळा संपला की पाऊस किती झाला आणि विहिरींची पातळी काय, याची नोंद ग्रामसभेपुढे येते. आधी माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढायचे. उरेल त्यातले काही पुढच्या वर्षाच्या शिलकीला ठेवायचे, आणि बाकीच्यात रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी पडला तर गव्हासारखी पिके आखडती घ्यायची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. खासगी विहिरीवर गावाचा असा हुकूम चालतो, हे ऐकून आमच्यातले एक जुने सभासद म्हणाले, “आमच्याकडं भावाभावाचं जमंना, अन् गावाचं कसं जमलं?” प्रश्न रास्त आहे. ते एका दिवसात जमलेले नाही, एवढेच आम्ही सांगू शकतो.

उसावरच बंदी का? हिशेब करून पाहा. तिकडे पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. म्हणजे एकरावर वर्षात पडते ते १६ लाख लिटर, आणि त्यातलेही बरेच उडून वा वाहून जाते. उसाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. एका एकराचा ऊस पाच एकरांवरचे आभाळ पितो!

ऊस नाही म्हणून गाव उपाशी राहिले नाही. कांदा, भाजीपाला आणि मुख्य म्हणजे दूध. चराई बंद करून गवत कापून आणायचे, असा नियम झाल्यावर चारा वाढला. नव्वदच्या दशकाच्या मध्यास रोजचे दीडशे लिटर असलेले दूध २०१० च्या सुमारास चार हजार लिटरच्या घरात गेले. कुलपे लावून गेलेली घरे उघडली. २००७ चा राष्ट्रीय जल पुरस्कार गावाला मिळाला, आणि २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

आता आपले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटाखाली ऊस पिकला म्हणून १९५० साली लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. पाटाखालचा ऊस आणि डोंगराखालचा ऊस एका मापाने मोजू नये. उद्या सगळ्यांनी ऊस मोडावा, असे आम्ही म्हणत नाही. म्हटले तर चरकात काय घालायचे? पण पाटाबरोबर बोअरही ओढायची, आणि रात्रीची लाईट आली की मोटार चालू करून झोपायला जायचे, हे आपल्यातही चालतेच.

म्हणून आमची सूचना अशी, की उच्चांकी उत्पादनाच्या अर्जात पाण्याचाही एक रकाना असावा. मोजायला यंत्र नको. दोनशे लिटरचे पिंप मोटारीच्या पाण्याखाली धरा आणि किती सेकंदांत भरते ते पाहा. ४० सेकंदांत भरले तर तासाला १८ हजार लिटर झाले. मोटार किती तास चालली ते तारीखवार वहीत लिहा. पाटाच्या पाळ्या वेगळ्या लिहा. ठिबक आणि पाचट ठेवणाऱ्यांनी तर जरूर लिहावे, त्यांचा आकडा इतरांनी पाहण्यासारखा निघेल. वही मुलाकडे दिली तरी चालेल, पोरे हे काम हौसेने करतात. लागणीच्या पहिल्या पाण्यापासून सुरुवात करावी, मधूनच केलेली नोंद उपयोगाची नाही.